नाव काढणे : वाक्यात उपयोग करा

लोकांच्या घरी मेव्हणे-मेव्हणे मानपानावरून भांडतात. माझे वडील आणि माझा मामा वीस वर्षं तारणावरून भांडले. देवानं एकदा तारलेला माणूस कायमचा तारलेला असतो, की तो विश्वासातून घसरून पुन्हा हरवू शकतो, एवढाच त्यांचा वाद. पण त्यावर आमच्या घरातले किती रविवार खर्ची पडले ते सांगता सोय नाही. बाबा चर्चच्या ज्या मंडळीत वाढले तिथली शिकवण अशी, की देवानं जग घडवण्याआधीच आपली माणसं निवडून, नेमून ठेवली आहेत, आणि त्यानं नेमलेला माणूस काही केल्या त्याच्या हातून निसटत नाही. शिमोनमामा जालन्याकडच्या दुसऱ्या मिशनचा प्रचारक. त्यांच्यात शिकवत, की देव सगळ्यांना हात देतो, पण तो हात झटकायची मोकळीक माणसाला आहे, आणि झटकणारे झटकतात. मामा महिन्यातून एका रविवारी सकाळच्या गाडीनं यायचा, आमच्या उपासनेला बसायचा, उपदेशातल्या चुका मनात जपून ठेवायचा आणि पाटावर बसला की एकेक बाहेर काढायचा.

"शिमोनराव, सरकारी नेमणूक पाहिली का कधी?" बाबा रश्श्यात भाकरी कुस्करत म्हणायचे. "कायम केलं की केलं. मग साहेब बदलो नाहीतर सरकार बदलो."

"कायम नोकरीवाला बी सस्पेंड होतोच की, दाजी. आमच्याकडं ह्याच साली दोन झाले."

"सस्पेंड झाला तरी अर्धा पगार चालू असतो!"

यावर मामा इतका हसायचा की त्याला ठसका लागायचा. आई पाण्याचा तांब्या पुढं करत म्हणायची, "तारलेले आन् न तारलेले, दोघंबी ताटं उचला आता. मला भांडी घासायचीत." आम्हा भावंडांना या वादाची भीती कधी वाटली नाही. तो आमच्या घरचा रविवारचा पदार्थच होता. मटण परवडलं नाही तरी वाद असायचाच. माझं मन मात्र पक्कं बाबांच्या बाजूनं होतं. मामाच्या देवाकडं रोज हजेरी लावावी लागते असं मला वाटायचं, आणि बाबांच्या देवाकडं एकदा नाव लागलं की माणूस निवांत.

आम्ही लष्करी छावणीच्या बाजूला, चर्चच्या आवारातल्या चाळीत राहायचो. दोन खोल्या, मागं मोरी, पुढं कडुनिंब. बाबांना सगळी छावणी याकोब मास्तर म्हणून ओळखायची. ते शाळेत मराठी शिकवत आणि मंडळीचे सेक्रेटरी म्हणून तिचा कारभार बघणाऱ्या पंचांचा पत्रव्यवहार सांभाळत. वाक्प्रचार म्हणजे त्यांचा जीव की प्राण. रस्त्यात एखाद्या पोरानं "सलाम, सर" केला, की सलाम घेऊन लगेच विचारायचे, "कान उपटणे, वाक्यात उपयोग कर." पोरं त्यांना बघून गल्ली बदलायची. आमच्याही घरात कुणी सैल मराठी बोलून सुटायचं नाही. अपवाद फक्त आईचा. ती परभणीकडच्या खेड्यातली, तिचं बोलणं बाबा निमूट ऐकून घ्यायचे, आणि त्यांची मराठी सुधारायची वेळ आली तर तीच सुधारायची.

माझा थोरला भाऊ दानियल माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. लहानपणी आमच्यात सगळ्यात श्रद्धाळू तोच होता. भिंतीपलीकडं टांगेवाल्यांची गल्ली होती, तिथल्या एका घोड्याचा पाय अधू झाला, तर दादानं त्या पायासाठी तीन महिने रोज प्रार्थना केली होती. सकाळी उठला की आधी भिंतीवर चढून घोड्याचा खूर बघून यायचा आणि मग दात घासायचा. पुढं तो फिटरचं काम शिकला आणि चिकलठाण्याला नवे कारखाने उभे राहत होते त्यातल्या एकात लागला. तिथं त्याचं बोलणंही सैल होऊन आईच्या वळणावर गेलं. विजेच्या टंचाईमुळं त्या कारखान्याची सुट्टी शुक्रवारी असायची. त्यामुळं त्याचे रविवार हळूहळू हुकायला लागले, पण तेव्हा त्याचं कुणाला काही वाटलं नाही.

मग बहात्तरचा तो दुष्काळ आला. सलग दुसऱ्या वर्षी पाऊस गेला आणि खेड्यापाड्यांतली कुटुंबं खडी फोडायच्या कामासाठी शहराच्या कडेला येऊन पडली. हर्सूलच्या तलावाचा तळ उघडा पडलेला बघायला लोक सायकलीवरून जायचे. आमच्या ताटात रेशनचा लाल मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी आली. तिची भाकरी थापताना कडेनं फाटायची, आणि आई प्रत्येक भाकरीला एक शिवी हासडायची, जी बाबा ऐकून न ऐकल्यासारखी करायचे. रविवारचं मटण जाऊन मसुराची आमटी आली. टँकरचा भोंगा वाजला की उपदेश अर्धवट टाकून बायका घागरी घेऊन पळायच्या. उपदेश करणाऱ्या पाळकसाहेबांनी शेवटी उपासनेची वेळच बदलली.

आमच्या आवारात एक जुनी विहीर होती. तिला अजून पाणी होतं. पंचांनी ठरवलं, की पाणी आपल्याच माणसांना पुरवून वापरायचं, आणि विहिरीवर लोखंडी जाळी टाकून कुलूप लावलं. ठरावावर सेक्रेटरी म्हणून सही बाबांची होती. ती करताना त्यांना बरं वाटलं नाही हे मला माहीत आहे, कारण त्या दिवशी ते जेवले नाहीत. पण सही केली. पुढच्या रविवारी पावसासाठी उपास आणि प्रार्थना होती. पंचांचे प्रमुख, थोरले पंच, उभे राहिले आणि डोळे मिटून त्यांनी देवाचे आभार मानले, की हे प्रभू, साऱ्या शहराच्या विहिरी आटल्या, पण तू आपल्या निवडलेल्यांची विहीर आटू दिली नाहीस. सगळे आमेन म्हणाले. मीही म्हणाले. माझ्या शेजारी दादा बसला होता, त्या दिवशी त्याची कारखान्यात पाळी नव्हती. तो आमेन म्हणाला नाही. भिंतीपलीकडून रिकाम्या घागरी एकमेकींवर आपटल्याचे आवाज येत होते, ते त्या दिवशी पहिल्यांदा मला ऐकू आले.

शुक्रवारी भर दुपारी दादा कारखान्यातली लोखंड कापायची करवत घेऊन आला. लपवाछपवी काही नाही. दहा मिनिटं घासून त्यानं कुलूप तोडलं, आवाराचं फाटक उघडलं आणि गल्लीत जाऊन सांगितलं, "या, पाणी हाय." बायका आधी खोटंच समजल्या. मग अशी रांग लागली की फाटकाबाहेर रस्त्यापर्यंत गेली. दादानं कुलपाचे दोन तुकडे आणून बाबांच्या टेबलावर ठेवले आणि म्हणाला, "पंचांना द्या." विहीर तीन आठवड्यांत सगळ्यांसाठीच आटली. कुलूप असतं तर पावसाळ्यापर्यंत पुरली असती असं पंच पुढं वर्षानुवर्षं म्हणत राहिले. पुरली असती की नसती ते त्या विहिरीलाच माहीत. पुढचे सगळे शुक्रवार दादानं वस्त्यावस्त्यांतले बंद पडलेले हातपंप दुरुस्त करण्यात घालवले.

पंचांनी त्याला बोलावून माफी मागायला सांगितलं. कुलपाची माफी त्यानं मागितलीही असती असं मला आजही वाटतं, तो आडमुठा नव्हता. पण थोरल्या पंचांनी विचारलं, "देवाच्या घराचं कुलूप तोडताना भीती नाय वाटली?" आणि दादा म्हणाला, "देवानं नेमलेल्यांपुरतंच पाणी राखलं असंल, तर त्या देवावर माझा विश्वास नाय. आन् खरं सांगू का, आता कुठल्याच देवावर नाय ऱ्हायला." बाबा समोर बसून इतिवृत्त लिहीत होते. त्यांनी तेही वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं. दादानं त्या आठवड्यात सामान उचललं आणि पुंडलिकनगरला खोली घेतली. तिथं तेव्हा नुसती शेतं होती आणि शेतांत नवी चार घरं. पंचांनी ठराव केला : वर्षाअखेरपर्यंत पश्चात्ताप केला नाही तर सगळ्या मंडळ्यांवरच्या प्रांताच्या कार्यालयाच्या मंजुरीनं दानियलचं नाव मंडळीच्या वहीतून काढावं. नाव निघालं की उपासनेतलं प्रभुभोजन नाही, चर्चमध्ये लग्न नाही, मेल्यावर दफनभूमीत जागा नाही.

त्यानंतरच्या रविवारी मामा आला आणि वीस वर्षांत पहिल्यांदा ताटावर कुणी वाद काढला नाही. शेवटी मीच तोंड उघडलं. "बाबा, दादा तारलेला होता का?"

बाबांनी जे त्यांना खरं वाटत होतं तेच सांगितलं. त्यांना दुसरं काही येतच नसे. "खरा नेमलेला असतो तो जात नाही. आणि गेला, म्हणजे..."

"म्हंजे काय?" आई चुलीपासून वळली. "म्हना की. म्हंजे तो कधी तुमच्यातला नव्हताच, आसंच ना? त्या घोड्याच्या पायासाठी तीन महिने गुडघे टेकले माझ्या पोरानं, ते खोटं व्हतं? आन् मी रोज त्याला झोपवताना त्याच्या तोंडून ऐकलं ते समदं खोटं?"

"दाजी," मामा हळूच म्हणाला, "तो खरा व्हता. आज पडला. पडलेला माणूस उठतो. आमच्यात निदान त्याला उठायला जागा हाय."

मला त्या क्षणी बाबांचा राग आला. इतका राग मला आयुष्यात क्वचितच आला आहे. ज्या शिकवणीत मी इतकी निवांत होते, तिनं माझ्या भावाला आजच नव्हे तर जन्माआधीपासून दाराबाहेर उभं केलं होतं. आणि ज्या मामाचा देव मला हजेरी घेणारा वाटायचा, त्याच्या घरात दादाचं बालपण तरी शाबूत राहत होतं. बाबा ताटावरून उठले. त्यांनी हात धुतले आणि कडुनिंबाखाली जाऊन बसले. त्यांच्या पाठीकडं बघून माझा राग उतरला, पण प्रश्न उतरला नाही.

वर्ष संपत आलं आणि प्रांताच्या कार्यालयातून सायक्लोस्टाइल यंत्रावर छापलेलं, सगळ्या मंडळ्यांना धाडलेलं एका ओळीचं पत्र आलं. "आपल्या मंडळीतील नाव काढलेल्या तरुण सभासदांची यादी कारणासह पाठवावी." बाबांनी ते दोनदा वाचलं आणि खिशात घातलं. शाळा सुटल्यावर ते उत्तर लिहायला बसले. मी शेजारी अभ्यासाचं सोंग करत होते. त्यांनी तीन कागद फाडले. प्रत्येकावर कुलपाचं वाक्य पुरं व्हायचं आणि विश्वासाचं वाक्य सुरू झालं की पेन थांबायचं. चौथ्या कागदावर त्यांनी त्यांच्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं : "दानियल याकोब. कारण : दुष्काळात मंडळीच्या विहिरीचे कुलूप तोडून भिंतीपलीकडील लोकांस पाणी दिले." तिथंच पूर्णविराम देऊन त्यांनी पाकीट चिकटवलं आणि स्वतः जाऊन टपालपेटीत टाकलं.

पंधरा दिवसांनी उत्तर आलं, की प्रांताचे मुख्य पाळक येत्या रविवारी येत आहेत, दानियल यास उपासनेस हजर ठेवावे. आम्हा सगळ्यांना वाटलं, आता सर्वांसमोर नाव काढणार. आईनं निरोप पाठवला. दादा सुट्टी टाकून आला. "काढायचंच तर माझ्यासमोर काढू द्या," एवढंच म्हणाला. मामाही जालन्याहून मुद्दाम आला. आई तिची लग्नातली हिरवी साडी नेसली आणि तिनं आम्हाला बजावलं, "कुणी रडायचं नाय तिथं." चर्च त्या दिवशी नाताळला भरतं तसं भरलं होतं. माणसाचं वाईट बघायला आपल्या लोकांना वेळ मिळतो.

मुख्य पाळक नगरकडचे, वयस्कर, जाड चष्म्याचे. त्यांनी दादाला पुढं बोलावलं, पिशवीतून एक गुंडाळलेला कागद काढला आणि वाचायला लागले. प्रांताच्या वर्धापन उत्सवानिमित्त ज्या तरुणांनी आपल्या मंडळीचं नाव काढलं त्यांचा हा सन्मान आहे, आणि या मंडळीतून दानियल याकोब याचं एकच नाव आलं आहे. दुष्काळात आपल्या माणसांचा रोष पत्करून यानं तहानलेल्यांना पाणी दिलं, म्हणून हे मानपत्र.

थोरल्या पंचांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. मी बाबांकडं बघितलं. त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला तो मला दिसला, आणि आता ते काय करणार हेही मला कळलं. माझ्या मनात आलं, आजच्या दिवस गप्प बसा. कुणाला कळणार नाही. पण ते उठून उभे राहिले.

"साहेब, थांबा. चूक माझी आहे. तीस वर्षं मराठी शिकवतोय आणि ‘नाव काढणे’ मला कळलं नाही. तुम्ही विचारलं कुणी नाव कमावलं. मी कळवलं ते वहीतून काढायचं नाव." मागं कुणीतरी फिसकन हसलं. बाबांनी तिकडं बघितलंही नाही. "आणि कारण मी अर्धंच लिहिलं. माझ्या मुलानं विश्वास सोडलाय. ते लिहायला हात चालला नाही. बापाचा हात आहे."

दादा मान खाली घालून म्हणाला, "बाबा खरं बोलतात. माझा विश्वास नाय, साहेब. मी कागद घेनार नाय."

मुख्य पाळकांनी चष्मा काढून पुसला. "पाणी दिलंस का?"

"दिलं."

"कुलूप तोडलंस?"

"तोडलं."

"मग या कागदात खोटं काय आहे? विश्वासाबद्दल यात एक अक्षर नाही. वहीचं काय करायचं ते तुमचे पंच आणि सेक्रेटरी बघतील." त्यांनी कागद पुढं धरला. दादा तसाच उभा. तेव्हा बायकांच्या बाजूनं आईचा आवाज आला, "घे रं. हात पुढं कर." आणि त्यानं हात पुढं केला.

उपासना सुटल्यावर पंच बाबांना घेऊन मागच्या खोलीत गेले. मानपत्राचं झालं ते झालं, वहीत आजच्या आज लिहा, असा थोरल्या पंचांचा हट्ट. मी दारात उभी होते, माझ्यामागं मामा आणि दादा. वहीत प्रत्येक नावापुढं शेऱ्याचा रकाना असतो. मेलेल्यापुढं ‘मयत’, काढलेल्यापुढं ‘कमी’, आणि पोटापाण्यासाठी तात्पुरता गेलेल्यापुढं ‘बाहेरगावी’. दुष्काळात तो रकाना ‘बाहेरगावी’नं भरला होता, अर्धी मंडळी पुण्या-मुंबईला गेली होती. बाबांनी दौतीत टाक बुडवला आणि दादाच्या नावापुढं सावकाश लिहिलं, ‘बाहेरगावी’.

"मास्तर!" थोरले पंच ओरडले. "पोरगा पुंडलिकनगरला ऱ्हातो. सायकलीवर अर्धा तास!"

"पुंडलिकनगर अजून शहराच्या हद्दीत आलेलं नाही," बाबा टीपकागद दाबत म्हणाले. "नकाशा मागवून बघा."

नकाशा कुणीच मागवला नाही. पंच पाय आपटत गेले. दादा मात्र बाहेर आल्यावर बाबांवर चिडला. "हे बरोबर नाय केलं तुम्ही. मी गावाला गेलो नाय. मी सोडलंय."

"तू सोडलंस, ते तू सांगितलंस," बाबा म्हणाले. "त्यानं सोडलं का, ते तुला काय ठाऊक?"

मामा चालता चालता मधेच थांबला आणि बाबांच्या तोंडाकडं बघत म्हणाला, "दाजी, हा मुद्दा तुमच्याकडचा झाला का माझ्याकडचा?" बाबा म्हणाले, "चला, जेवताना ठरवू." त्या दिवशी आईनं कुठून पैदा केलं कोण जाणे, पण मटण केलं होतं, आणि दादा पोटभर जेवून गेला.

तो पुन्हा उपासनेला कधीच आला नाही. त्यानं लग्न कचेरीत जाऊन केलं, मुलांना देवाबद्दल काही शिकवलं नाही, आणि आम्ही कितीदा बोलावलं तरी नाताळला फक्त करंज्या खायला आला. मी स्वतः आज कुठल्या बाजूची आहे असं मला विचारतात. मी बाबांच्याच बाजूची आहे, आणि आता जास्त पक्की आहे. फक्त नेमलेला कोण आणि न नेमलेला कोण हे बोट दाखवून सांगणाऱ्याच्या वाऱ्यालाही मी उभी राहत नाही. दर काही वर्षांनी मंडळीची वही नवी करावी लागते. बाबा होते तोवर त्यांनी दादाचं नाव प्रत्येक नव्या वहीत उतरवलं आणि पुढं तोच शेरा लिहिला. त्यांच्यामागं सेक्रेटरीचं काम माझ्याकडं आलं. पुंडलिकनगर केव्हाच शहराच्या पोटात गेलं, तिथून पुढंही शहर मैलोगणती पसरलं. मी शेरा बदलला नाही.

गेल्या उन्हाळ्यात दादा गेला. शेवटच्या आजारात मी जवळ होते. त्यानं प्रार्थना केली नाही आणि मीही त्याला गळ घातली नाही. एवढंच म्हणाला, "आई-बाबांशेजारी टाका मला. गाणी काय म्हनायची ती तुम्ही म्हना." दफनाची परवानगी मागायला मी वही काखेत मारून पाळकसाहेबांकडं गेले. ते तरुण आहेत, नव्यानंच बदलून आलेत, नियमाचे पक्के. त्यांनी नाव शोधलं, नावावरून बोट फिरवलं आणि मला विचारलं, "बाई, हे विश्वासात होते का?"

मी म्हणाले, "बाहेरगावी होते."